नव्या डीएमसाठी: कॅम्पेन सेटिंग निवडण्यापासून स्वतःची सेटिंग प्रकाशित करण्यापर्यंत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखा, प्रत्येकाने एक पात्र घेऊन टेबलावर खेळायचा कथाखेळ सुरू करायचाय. चार-पाच मित्र जमले, फासे आले, नियमांचं पुस्तक कुणीतरी वाचून काढलं, डीएम, म्हणजे कथा आणि जग चालवणारा, कोण होणार तेही ठरलं. मग लगेच प्रश्न येतो: खेळायचं कुठल्या जगात, म्हणजे कुठल्या सेटिंगमध्ये? नागपुरात नव्याने खेळायला बसलेले ग्रुप मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, जरा लाजत विचारलेला: आम्ही स्वतः रचलेलं जग पुस्तक म्हणून काढता येईल का? येतं. त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही, परदेशात ओळख लागत नाही. थोडी शिस्त लागते आणि लायसन्सची नीट माहिती लागते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पहिल्याच संध्याकाळी खेळाडूंच्या हाताला करण्यासारखं काहीतरी लागलं, तर ती सेटिंग चांगली. दुसऱ्याची सेटिंग निवडताना हीच कसोटी लावा, स्वतःची लिहितानाही हीच. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सेटिंग कशाला म्हणायचं

फासा कधी टाकायचा, तलवारीचा वार किती लागतो, मंत्र किती वेळ टिकतो, हे नियम सांगतात. गाव कुणाचं, राजा कोण, देव किती, रस्त्यावर लुटारू का वाढलेत, जादूगाराला लोक घाबरतात की त्याच्याकडे औषध मागायला जातात, हे सेटिंग सांगते. मॉड्यूल म्हणजे एक ठरलेली मोहीम. सेटिंगमध्ये अशा कितीतरी मोहिमा मावतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (थोडक्यात डी अँड डी) १९७४ मध्ये आला तेव्हा पेटीत तयार जग नव्हतं. पण तो रचणाऱ्या दोघांकडे आपापली घरची जगं होती: डेव्ह आर्नसनचं ब्लॅकमूर आणि गॅरी गायगॅक्सचं ग्रेहॉक. दोन्ही जगं घरच्या टेबलावर, मित्रांबरोबर खेळता खेळता वाढली. ग्रेहॉक सेटिंग म्हणून छापून यायला १९८० उजाडलं. पुढे गाजलेलं फरगॉटन रेल्म्स हेही एड ग्रीनवुड यांचं घरचंच जग. त्याची पेटी बाजारात आली १९८७ मध्ये. क्रम लक्षात ठेवा: आधी टेबल, मग छपाई. आजही हा क्रम उलटा केला की पुस्तक देखणं होतं आणि कपाटात पडून राहतं.

पहिली पायरी: ग्रुपला विचारा, पण नीट विचारा

“तुम्हाला कसलं जग आवडेल?” असं मोघम विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “काहीही चालते ताई, तू घे ना.” त्यातून काही हाती लागत नाही. निवडायला द्या. दरबारातली कारस्थानं, अनोळखी जंगलात वाट काढणं, पछाडलेला वाडा, की युद्धात सापडलेलं गाव? मग माणसं बोलायला लागतात. “वाडा चालते, पण खरंच भेव वाटलं पाहिजे, मंग मजा.” या एका वाक्यात तुमचं निम्मं काम झालं. भीती हवी म्हणजे खेळाडूंची पात्रं फार बलवान नकोत, मदत लांब हवी, आणि रात्र पडणं ही मोठी घटना व्हायला हवी.

दुसरा प्रश्न विचारायला संकोच करू नका: टेबलावर काय नको? लैंगिक अत्याचार, लहान मुलांचे हाल, आत्महत्या, ज्याला जे नको त्याने ते सांगावं आणि कारण विचारू नये. आपल्याकडे या यादीत आणखी एक विषय धरावा लागतो, तो म्हणजे जात. परदेशी पुस्तकात जन्माने हलक्या मानलेल्या वंशांचा छळ सहज लिहिलेला असतो. आपल्या टेबलावर बसलेल्या कुणीतरी तो अनुभव खऱ्या आयुष्यात घेतलेला असू शकतो. काही ग्रुपना अन्यायाविरुद्धची लढाई खेळायची असते, आणि ती फार जोरदार खेळली जाते. काहींना शनिवारच्या संध्याकाळी ते नको असतं. दोन्ही रास्त आहे, फक्त आधी विचारा.

तिसरा प्रश्न साधा: किती वेळ देणार? आठवड्यातून एकदा जमणारा ग्रुप गुंतागुंतीचं राजकारण लक्षात ठेवतो. महिन्यातून एकदा जमणाऱ्यांना एक गाव आणि एक शत्रू पुरतो.

दुसरी पायरी: तयार सेटिंग घ्यायची तर

नव्या डीएमने पहिल्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या सलग खेळासाठी, तयार सेटिंग घ्यावी असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याने केलेली मांडणी चालवून बघितली की आपल्याला काय लागतं आणि काय लागत नाही ते कळतं.

फरगॉटन रेल्म्स सगळ्यात मोठं. सगळं काही आहे, साहित्यही मुबलक. पण नवखा माणूस त्या पसाऱ्यात बुडतो, म्हणून त्यातलं एक गाव आणि भोवतालचं दोन दिवसांच्या चालीचं अंतर एवढंच उचला, बाकीचं जग नाही असं समजा. वाडा आणि भीती मागणाऱ्यांसाठी रेवनलॉफ्ट. १९८३ मध्ये ते एक मॉड्यूल होतं, लोकांना इतकं आवडलं की १९९० मध्ये पूर्ण सेटिंग झालं. ड्रॅगनलान्स १९८४ चं. युद्ध, ड्रॅगन आणि एक मोठी सलग कथा. डार्क सन १९९१ चं: करपलेली जमीन, धातू दुर्मीळ, आणि जादू केली की भोवतालच्या झाडाझुडपांचा जीव शोषला जातो. मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरात सीताबर्डीवर गाडी लावून चाललेल्या माणसाला ही सेटिंग समजावून सांगावी लागत नाही. एबेरॉनमध्ये जादू हाच उद्योग आहे. जादूवर धावणाऱ्या गाड्या, मोठी व्यापारी घराणी, नुकतंच संपलेलं युद्ध. हेरगिरी आणि शोधकथा आवडणाऱ्यांनी ती घ्यावी. ग्लोरँथा या सगळ्यांपेक्षा वेगळी. १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ याच जगात आला. तिथे प्रत्येकाचा पंथ, त्याचा देव आणि त्या देवाच्या कथा हाच खेळाचा गाभा आहे. कुलदैवत, जत्रा, नवस यांत वाढलेल्या मराठी खेळाडूंना ती पटकन जवळची वाटते, असं मी पाहिलंय.

विकत घेण्याआधी एक तपासणी करा. नमुन्याची पानं मोफत मिळतात. त्यातलं कुठलंही पान उघडा. त्या पानावर आज रात्री खेळता येतील अशा तीन गोष्टी सापडतात का? एखादं भांडण, एखादी बंद खोली, मदत मागणारा एखादा माणूस. सापडल्या तर घ्या. नुसत्या राजांच्या वंशावळी आणि युद्धांच्या सनावळ्या असतील तर वाचायला छान आहे, पण डीएमला त्यातून काम काढावं लागेल.

तिसरी पायरी: स्वतःचं जग, आधी एका पानावर

२००२ मध्ये डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने नव्या सेटिंगसाठी जाहीर शोध घेतला. ११,००० च्या वर प्रस्ताव आले. पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त एक पान पाठवायचं होतं. त्यातून निवडलं गेलं ते कीथ बेकर यांचं एबेरॉन, आणि २००४ मध्ये ते प्रकाशित झालं. एवढं मोठं जग एका पानात सांगता आलं, तेव्हा तुमचंही येईल. एका पानात बसत नसेल तर अजून ठरलेलं नाही असं समजा.

त्या पानावर काय हवं? पात्रं कुठून सुरुवात करतात. तिथे आत्ता काय बिघडलंय. या जगात अशी कोणती गोष्ट आहे जी दुसरीकडे नाही. खेळाडूंची पात्रं पोटासाठी काय करतात. आणि नकाशाच्या कडेला, अजून कुणी न गेलेल्या भागात, काय असल्याची कुजबुज आहे. निर्मितीची कथा, देवांची भांडणं, हजार वर्षांचा इतिहास यांना या पानावर जागा देऊ नका.

साहित्य शोधायला मात्र लांब जायची गरज नाही. नागपूरसारखं ठिकाण हाताशी असताना युरोपातले किल्ले आणि पाईनची जंगलं उसनी आणणं मला खरोखर वाईट वाटतं. काटोल रोडला जुनापाणी आहे. तिथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. मोठमोठ्या धोंड्यांची रिंगणं, खाली दफनं, सोबत लोखंडी कट्यारी, कुऱ्हाडी, घोड्यांचे लगाम, आणि काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीएवढे खड्डे. सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, एक दुपार काढा आणि वही घेऊन जा. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७ मध्ये लढाई झाली. त्या टेकड्यांचा उतार, मधली खिंड आणि वरून दिसणारं शहर हे तयार युद्धाचं मैदान आहे. संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग, म्हणजे वर्षात दोनदा रस्ते भरून वाहणारा व्यापार, दोनदा लुटारूंचा हंगाम.

आणि मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे नावाचे पुतळे निघतात, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” असं ओरडत सगळं शहर आपलं अरिष्ट बाहेर नेऊन जाळतं. अख्ख्या शहराने वर्षाचं दुःख एका पुतळ्यात घालून वेशीबाहेर न्यायचं, ही कल्पना जगातल्या कुठल्याही सेटिंगमध्ये ठेवली तरी उठून दिसेल. यंदा तो पुतळा जळलाच नाही तर? शेजारच्या राज्यात आपण पाठवलेलं अरिष्ट साचत गेलं असेल तर? इथून एक आख्खं कॅम्पेन उभं राहतं.

अंतरंही आपलीच वापरा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत नेहमीच्या चालीने माणूस दिवसाला २४ मैल, म्हणजे साधारण ३८ किलोमीटर चालतो. नागपूर ते रामटेक पन्नासेक किलोमीटर. म्हणजे वाटेत एक मुक्काम आला, कन्हान ओलांडणं आलं. तो मुक्काम कुठे आणि नदीवर नाव आहे का, हा झाला एका संध्याकाळचा खेळ. हवामानाचंही तसंच. नियमांत कडक उन्हाची मर्यादा १०० अंश फॅरनहाइट, सेल्सियसमध्ये ३८ च्या आसपास. त्यावर पारा गेला आणि जवळ पाणी नसेल तर दर तासाला सेव्ह, म्हणजे बचावासाठी फासा टाकायचा, चुकलं की थकव्याची एक पातळी. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा त्याच्या खाली क्वचितच असतो. हा नियम तसाच लावला तर गावातली म्हातारी माणसं अंगणात कोसळतील. इथली माणसं उन्हाला सरावलेली आहेत, दुपारी कामं बंद असतात, चौकाचौकात पाणपोई असते. तेव्हा नियम असा लिहा: स्थानिकांना मर्यादा ४४ अंश, परक्यांना ३८, आणि पाणपोई ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात रस्ता. हवामानातून लगेच सत्ताकारण तयार झालं.

आता एक उदाहरण जवळून दाखवते. गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला छोट्या वाड्या-वस्त्या जोडून नागपूर वसवलं. त्या बारा होत्या असं सांगतात. यावरून एक काल्पनिक जग घेऊ: बारा वाड्यांना कोट घालून राजाला एक शहर करायचंय, आणि प्रत्येक वाडीचा देव, विहीर आणि जुनं वैर वेगळं आहे. त्यातल्या एका वाडीची नोंद नवखा लेखक साधारण अशी लिहितो:

“कवठाळा हे अतिशय प्राचीन गाव आहे. येथील लोक शूर आणि स्वाभिमानी आहेत. गावाला हजार वर्षांची परंपरा लाभली आहे.”

आता हीच नोंद पुन्हा:

“कवठाळा. तीस घरं, एक विहीर. कोट कुठून जाणार ते राजाचा मोजणीदार चुन्याने आखून गेला. रेघ गाव आणि विहीर यांच्या मधून जाते. पाटलीण रोज रात्री रेघ पुसते. सकाळी रेघ जागेवर असते आणि आखताना कुणी दिसत नाही. मोजणीदार चार दिवसांपासून बेपत्ता आहे, त्याची चुन्याची पिशवी विहिरीच्या काठावर आहे. ती हलवायला गावात कुणी तयार नाही.”

पहिल्या नोंदीत डीएमला बोलायला काही नाही. दुसरीत खेळाडू रात्री जागत बसू शकतात, विहिरीत उतरू शकतात, पाटलिणीला विचारू शकतात, राजाकडे जाऊ शकतात, किंवा ती पिशवी उचलू शकतात. शब्द जवळपास तिप्पट झाले; करण्यासारख्या गोष्टी शून्यावरून पाचावर गेल्या. प्रत्येक गाव, प्रत्येक देऊळ, प्रत्येक माणूस असाच लिहा.

एक काळजी घ्या. गोंडांचे पेन, म्हणजे त्यांचे देव, त्यांची देवस्थानं, लिंगोची गाथा ही आज पाळली जाणारी श्रद्धा आहे. मिशनरी हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेलं गोंडांविषयीचं साहित्य १८६६ मध्ये छापलं गेलं आणि ते वाचायला मिळतं. वाचा, शिका, पण खऱ्या देवाचं नाव घेऊन त्याला हिट पॉइंट, म्हणजे मारून संपवता येईल असा जीव, देऊ नका. नाव बदला, कल्पना स्वतःची करा, आणि शक्य असेल तर गोंड समाजातल्या कुणाला तरी छपाईआधी वाचायला द्या. दीक्षाभूमी, ताजबाग अशी ठिकाणं तर खेळात आणूच नका.

चौथी पायरी: दुसऱ्याला चालवायला द्या

स्वतःचं जग स्वतः चालवलं की छान चालतंच, कारण पानावर नसलेलं सगळं तुमच्या डोक्यात असतं. खरी परीक्षा तेव्हा, जेव्हा दुसरा डीएम फक्त तुमची पानं घेऊन टेबलावर बसतो. तुम्ही बाजूला बसा आणि तोंड उघडू नका. तो कुठे पानं मागे-पुढे उलटतो, कुठे थांबून “हे कुठे लिहिलंय?” असं पुटपुटतो, खेळाडूंनी विचारलेल्या कोणत्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, एवढंच टिपा. त्या टिपणांवरून पुढचा खर्डा होतो. वेगळ्या स्वभावाच्या दोन-तीन ग्रुपवर हे करा. त्यातला एक तरी ग्रुप तुमच्या ओळखीबाहेरचा असावा, कारण मित्र सांभाळून घेतात.

पाचवी पायरी: लायसन्स

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून जरा सविस्तर.

२००० मध्ये डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ओपन गेम लायसन्स आलं आणि मूळ नियमांचा संदर्भ दस्तऐवज, म्हणजे एसआरडी, इतरांना वापरायला मोकळा झाला. जानेवारी २०२३ मध्ये ते लायसन्स बदलण्याचा विझार्ड्स कंपनीचा बेत बाहेर आला, जगभरातले खेळाडू आणि प्रकाशक संतापले, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेत एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय ४.० खाली टाकून दिला. हे लायसन्स परत घेता येत नाही. २०२५ मध्ये नव्या नियमांचा एसआरडी ५.२ ही याच लायसन्सखाली आला. दुसरीकडे पायझो या प्रकाशकाने पुढाकार घेऊन २०२३ मध्ये ओआरसी नावाचं, कुठल्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं लायसन्स तयार करवून घेतलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. एसआरडीमधले नियम, मंत्र, राक्षस तुम्ही वापरू शकता, बदलू शकता, विकू शकता. अट एकच, श्रेय द्यायचं. श्रेयाचं नेमकं वाक्य एसआरडीच्या सुरुवातीलाच दिलंय, ते जसंच्या तसं छापा. मुखपृष्ठावर “पाचव्या आवृत्तीशी सुसंगत” अशा अर्थाची ओळ चालते; कंपनीचा लोगो चालत नाही. एसआरडीमध्ये ज्यांची माहिती दिलेली नाही ते राक्षस, उदाहरणार्थ बीहोल्डर किंवा माइंड फ्लेयर, आणि फरगॉटन रेल्म्समधली शहरं, देव, माणसं यांना हात लावायचा नाही.

रेल्म्स किंवा रेवनलॉफ्टमध्येच लिहायचं असेल तर डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानाचा रस्ता आहे. तिथे कंपनीची जगं वापरायला परवानगी मिळते आणि विक्रीतला निम्मा वाटा लेखकाला. पण तिथे टाकलेलं काम नंतर दुसरीकडे विकता येत नाही, आणि त्यात तुम्ही निर्माण केलेल्या गोष्टी गिल्डवरचे इतर लेखकही वापरू शकतात. म्हणून जिवापाड जपलेलं स्वतःचं जग तिथे नेऊ नका. त्यासाठी एसआरडी घ्या, किंवा कुठल्याच खेळाचे नियम न घालता नुसती सेटिंग लिहा. पहिल्या पुस्तकासाठी हा शेवटचा पर्याय मला सगळ्यात आवडतो: नियम कुणी कुठलेही वापरो, कवठाळ्याची विहीर चालते.

तुमच्या लिखाणाचा कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. पण चित्रांच्या बाबतीत जपून. मित्राने चित्रं काढून दिली, त्याला पैसे दिले, म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येतात असं धरून चालू नका. हक्क लेखी करारानेच देता येतात. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमची पीडीएफ जगभर विकली जाणार आहे, तेव्हा कागदावर मुदत, जगभराचा हक्क, छापील आणि डिजिटल दोन्ही, असं स्पष्ट लिहा. मूळ चित्र आणि त्याचे प्रिंट विकण्याचा हक्क चित्रकाराकडे राहू द्या. ते न्यायाचं आहे आणि पुढच्या पुस्तकासाठी तो आनंदाने परत येतो.

सहावी पायरी: पुस्तक बांधणं

सुरुवात लहान करा: ए५ आकार, सोळा ते बत्तीस पानं, काळं-पांढरं. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी, हे लेआउट सुरू करण्याआधीच ठरवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. नकाशा हाताने काढलेला चालतो, फक्त गडद शाईने आणि नावं वाचता येतील अशी.

मराठीत काढताय तर युनिकोड फाँटच वापरा. छपाईवाल्यांकडचे जुने बिगर-युनिकोड फाँट कागदावर छान दिसतात, पण पीडीएफमध्ये शोध चालत नाही आणि मजकूर कॉपी केला की कचरा येतो. खेळ चालू असताना डीएमला “पाटलीण” शोधता आली पाहिजे. ‘मुक्त’, ‘नोटो’, ‘टीरो देवनागरी मराठी’ हे फाँट मोफत आहेत आणि पुस्तकात वापरायला मोकळे. टीरोमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची आपली मराठी वळणं मिळतात. पानं जुळवायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर आधी सुरू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. मोफत हवं तर स्क्रायबसची नवी आवृत्ती देवनागरी नीट जुळवते.

भाषा तुमचं टेबल बोलतं तीच ठेवा. वर्णन मराठीत, आणि सेव्ह, हिट पॉइंट, स्पेल स्लॉट हे शब्द जसे तोंडात आहेत तसेच. इंग्रजीत काढलं तर गिऱ्हाईक जास्त, हे खरंच. तरी पहिलं पुस्तक मराठीत काढावं असं मला मनापासून वाटतं, कारण मराठीत अशा पुस्तकांची फार मोठी जागा रिकामी आहे आणि इंग्रजी आवृत्ती नंतर काढता येते.

छापील पुस्तक दुकानांत, ग्रंथालयांत ठेवायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा. नुसत्या पीडीएफसाठी अडत नाही. छपाईला आधी दोन प्रती काढून बघा आणि त्या प्रत्यक्ष टेबलावर, चहाच्या कपांमध्ये वापरा.

सातवी पायरी: विक्री

इच डॉट आयओ या विक्रीच्या साइटवर साइटला किती वाटा द्यायचा हे विक्रेताच ठरवतो. तुम्ही काही बदललं नाही तर १० टक्के. ड्राइव्हथ्रूआरपीजी या दुसऱ्या साइटवर फक्त तिथेच विकायचं कबूल केलं तर लेखकाला ७० टक्के, इतरत्रही विकायचं असेल तर ६५. पहिल्या पुस्तकाला मी इतरत्र विकण्याची मोकळीक ठेवायला सांगेन. पाच टक्क्यांसाठी हात बांधून घेऊ नयेत. लोकांकडून आगाऊ पैसे जमवणाऱ्या किकस्टार्टर या साइटवर भारतात राहणाऱ्याला थेट स्वतःच्या नावाने प्रकल्प उभा करता येत नाही, तेव्हा त्या भरवशावर छपाईचं बजेट आखू नका. पैसे पेपॅलसारख्या मार्गाने परदेशातून येतात. ते उत्पन्नच आहे, म्हणून पहिल्या रुपयापासून नोंद ठेवा आणि वर्षअखेरीला सीएला दाखवा.

विक्रीच्या पानावर काय ठेवाल? मोफत नमुन्यात प्रस्तावना देऊ नका. सगळ्यात चांगलं गाव द्या, पूर्ण. ज्याने कवठाळा मोफत खेळला तो उरलेल्या अकरा वाड्या विकत घेतो. शहरात कॉलेजांचे महोत्सव असतात, गेमिंगचे मेळावे भरतात. तिथे टेबल मागा आणि तासाभराचा खेळ घ्या. पुस्तक शेजारी ठेवा.

प्रकाशनानंतर चुका कळवणारे येतील. त्यांच्या पत्रांना उत्तर द्या, दुरुस्ती करा, पीडीएफ विक्रीच्या त्याच पानावर पुन्हा चढवा. आधी विकत घेतलेल्यांना नवी फाइल तिथूनच उतरवता येते. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर, श्रेयाच्या ओळीखाली, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख लिहायला विसरू नका, म्हणजे टेबलावर दोघांकडे दोन वेगळ्या प्रती असल्या तर कुठली नवी ते लगेच कळेल.